कोजागिरीच्या आठवड्याचा अंदाज

ओळखलंत का मला? नाही ना. रोज बघता आणि तरी ओळखत नाही, हीच माझी तक्रार आहे. मी हवामानाचा अंदाज. गुजरात प्रदेशाचा, येत्या आठवड्याचा. पावसाळा आवराआवर करून निघालेला असतो, थंडीचा अजून पत्ता नसतो, असा आश्विनातला जो आठवडा असतो ना, त्याचा मी. तुमच्या मोबाइलात सुप्रभातची फुलं, साड्यांचा सेल आणि कुणाच्या तरी नातवाचे फोटो यांच्या मधोमध मी पडलेला असतो, आणि तुम्ही माझ्यावरून अंगठा फिरवून पुढे जाता. आज जरा थांबा. माझं आयुष्य चिमूटभर, ऐकायला फार वेळ लागणार नाही.

माझा जन्म अमदावादचा, गुरुवारी दुपारचा. माझ्या घडणीत पुष्कळांचा हात आहे. उपग्रहाने वरून फोटो पाठवले, कुणी फुगा आकाशात सोडला, गावोगावच्या माणसांनी सकाळी उठून वाऱ्याची दिशा कळवली. हे सगळं गोळा होऊन एका बाईंच्या टेबलावर आलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नकाशाकडे बराच वेळ बघत बसल्या. दक्षिणेला डांग, वलसाड आणि महाराष्ट्राचा उत्तर भाग, तिकडे ढग अजून रेंगाळत होते. आमच्या मध्य गुजरातेतून मात्र पावसाने केव्हाच काढता पाय घेतला होता.

मग त्यांनी मला लिहिलं. ‘वडोदरा, आणंद, भरूच : हवामान मुख्यत्वे कोरडं राहील.’ ‘मुख्यत्वे’ या शब्दापाशी त्या अडखळल्या. तो खोडला, चहा मागवला, चहा पिऊन झाल्यावर पुन्हा लिहिला. त्यांचं काही चुकलं नाही, आमच्या घराण्यात कुणीच शपथेवर बोलत नाही. पण तो शब्द गळ्यात अडकवून मला जगावं लागलं, आणि त्याने पुढे माझा जीव कसा टांगणीला लावला ते सांगतोच.

आमच्या जातीची एक गंमत आहे. आम्ही एकाच वेळी हजार ठिकाणी असतो. बाईंनी बटण दाबलं आणि मी एका दमात कच्छपासून डांगपर्यंत पोचलो. बडोद्याच्या मांडवीतल्या कापडवाल्याने मला वाचून दुकानाबाहेर पुतळे मांडले. रंगाऱ्याने वाचून परांची बांधली. एका गृहस्थांनी मला वाचलं आणि ‘पस्तीस डिग्री, अरे काय चाललंय’ असं मलाच दरडावलं, जणू काही ऊन मी घरून डब्यात भरून आणतो. खरा निघालो तर कुणाला माझी आठवण राहत नाही आणि खोटा निघालो तर वर्षभर उद्धार होतो. त्याची सवय झाली आहे.

पण ज्या दोन घरांमध्ये माझं खरं आयुष्य गेलं, त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. एक घर बडोद्यात सुभानपुऱ्यात. दुसरं डभोईत.

सुभानपुऱ्यातलं घर चारुलताबाईंचं. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, आवाज खणखणीत. जन्म मांडवीजवळच्या मराठी गल्लीतला, नोकरी मराठी शाळेत, लग्नही बडोद्यातच. म्हणजे बाई या गावाबाहेर कधी राहिल्याच नाहीत. भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी गुजराती, शेजारणीशी भांडायचं तर अस्सल गुजराती. पण एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायची वेळ आली की ती मराठीतूनच यायला हवी. बातमी मराठी वाहिनीवर आली तर बातमी, नाहीतर नुसती अफवा. घरात मुलगा सलील, जो एका कारखान्यात पाळ्या करतो, सून सुनेत्रा, शाळेत शिकवते, आणि नात देवश्री, घरांचे नकाशे काढणारी, सव्वीस वर्षांची.

आता तुम्ही म्हणाल, मराठी वाहिनीवर हवामान नसतं का? असतं की. तिथेच तर सगळा घोळ आहे. त्या पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा येतो. कोकण हिरवं, विदर्भ पिवळा, मराठवाडा केशरी, आणि वर नंदुरबार संपलं की पुढे सगळं करडं. नाव नाही, गाव नाही, ढगाचं चित्र नाही. आमचं बडोदं त्या करड्यात कुठेतरी असतं. चारुलताबाईंनी त्यावर स्वतःचा एक तोडगा काढून ठेवला होता. नंदुरबारला आज जे होईल ते आपल्याकडे उद्या. पाऊस काय सरहद्दीवर जकात भरायला थांबतो, असं त्या म्हणायच्या. भर पावसाळ्यात हा तोडगा चालून जायचा, कारण तेव्हा सगळीकडेच कोसळत असतो. त्यामुळे बाईंचा स्वतःवर भलताच विश्वास बसला होता.

मी त्याच घरात तीन मोबाइलांत होतो, देवश्रीच्या, सुनेत्राच्या, सलीलच्या. एकानेही मला आजींपर्यंत नेलं नाही. मी गुजरातीत ना.

दुसरं घर डभोईतलं, जशुभाईंचं. धान्याचा व्यापार, गावाबाहेर मोठं आवार, आश्विनात त्या आवारात डांगर पसरलेली असते, म्हणजे नवं भात. बोलणं मोजकं, चालणं सावकाश. त्यांच्या घरी मला जो मान मिळाला तो कुठे मिळाला नाही. जशुभाई सकाळी दातण करता करता मला वाचायचे, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, बायकोला ऐकू जाईल असं. मग बाहेर येऊन आभाळाकडे बघायचे आणि मजुरांना सांगायचे, डांगर उघडी राहू दे. माझ्या एका ओळीवर त्यांचं वर्षाचं धान्य उघड्यावर पसरलेलं होतं. माणसाने माणसावर एवढा भरवसा टाकलेला मी पाहिला नाही, मी तर नुसता अंदाज.

या दोन घरांमध्ये दुवा कोण, तर जशुभाईंचा मुलगा हार्दिक आणि आमची देवश्री. कॉलेजात एकत्र होते. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं आणि घरी सांगितलंही होतं. सलील-सुनेत्राचा होकार होता. डभोईकडून ‘बघू’ असा निरोप होता, आणि ‘बघू’ म्हणजे एकदा भेटू, घर बघू, माणसं बघू. चारुलताबाईंनी फोनवरून हार्दिकच्या आईला, कोकिलाबेनना, आमंत्रण दिलं. मंगळवारी कोजागिरी आहे, तुमच्याकडची शरदपूनम. या, आमच्या गच्चीवर बसू, चंद्र बघत दूध पिऊ. कोकिलाबेन म्हणाल्या, मी दूध-पौंआ घेऊन येते, म्हणजे गार दुधात भिजवलेले पोहे. असं ठरलं.

बाईंना हार्दिक आवडला होता बरं का. नीट जेवतो, वाकून नमस्कार करतो आणि मोडकंतोडकं का होईना मराठी बोलतो, एवढं त्यांना पुष्कळ होतं. त्यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. उलट त्यांना या कोजागिरीची केवढी हौस. गच्ची घासून घेतली, मोठं पातेलं कल्हई करून आणलं, चारोळी निवडली.

आणि शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावरच्या मुलीने सांगितलं, उत्तर महाराष्ट्रात सोमवार-मंगळवार मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. बाईंनी लगेच नंदुरबारच्या मावसबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, अगं इकडे आत्ताच भरून आलंय. झालं. आज तिकडे, उद्या आपल्याकडे. पहिल्यांदा घरी येणारे पाहुणे, तेही मुलाकडचे, अंधारात भिजत येणार, गच्ची निसरडी होणार, दुधात पाऊस पडणार. घरात बसून कोजागिरी करायची तर ती कसली कोजागिरी, ते रोजचंच दूध. बाईंना काही ते पटेना. त्यांनी डभोईला फोन केला आणि फार आपुलकीने सांगितलं की मंगळवारी मोठा पाऊस आहे, तुम्ही त्रास घेऊ नका, पुन्हा केव्हातरी बघू.

मी सुनेत्राच्या मोबाइलात होतो, शाळेच्या स्टाफरूममध्ये, पर्सच्या तळाशी. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

कारण त्याच वेळी मी डभोईतही होतो, जशुभाईंच्या खिशात. कोकिलाबेन घरातून आवारात आल्या आणि त्यांनी निरोप सांगितला. जशुभाई रखरखत्या उन्हात डांगरीच्या मधोमध उभे होते. डोक्यावर आभाळ स्वच्छ धुतल्यासारखं. बडोदं तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. ‘पाऊस?’ एवढंच त्यांनी विचारलं. मग खिशातून मला काढलं, वाचलं, परत ठेवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंच्याने मान पुसली आणि म्हणाले की बाईमाणूस आहेत, तोंडावर नाही म्हणवत नसेल, म्हणून पाऊस पुढे केला. भले, असू दे.

बघा, शब्द माझाच, आभाळ तेच, आणि माणसांनी त्यातून काय काढलं. इकडे बाईंना वाटलं आपण पाहुण्यांची काळजी घेतली. तिकडे एका बापाला वाटलं की आपल्या मुलाला नकार आला, आणि तोही खोटं सांगून.

रविवारी हार्दिकचा देवश्रीला फोन आला. नेहमी तासभर चालणारं बोलणं दोन मिनिटांत आटपलं. पप्पांनी आता हा विषय काढू नको म्हटलंय, तो म्हणाला. आधी देवश्रीला कळेचना की झालं काय. आजींच्या फोनचं त्याच्याकडून कळलं तेव्हा ती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ रडली. घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ, आणि मोबाइल हातात, म्हणजे मी तिथेच. रडणाऱ्या माणसाच्या हातात असताना हवामान सांगता येत नाही हो. मला स्वतःचीच लाज वाटली. खरं तेच घेऊन मी त्या घरात तीन दिवस पडून होतो आणि माझा काडीचा उपयोग झाला नव्हता.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. आजी जायफळ किसत बसल्या होत्या. पाहुणे नाहीत तर नाहीत, घरच्यांना तरी मसाला दूध हवंच, म्हणून. नातीचे डोळे बघून त्यांनी किसणी खाली ठेवली.

‘आजी, तू त्यांना नाही म्हणालीस का गं?’

‘मी? मी कशाला नाही म्हणू? पाऊस येतोय म्हणाले.’

‘त्यांना तो नकार वाटला. तिकडे ऊन आहे, आजी. इकडेही ऊनच आहे.’

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन होतं. पण बाई सहजी हार मानणाऱ्या नव्हेत. आज ऊन असलं म्हणून काय झालं, उद्या बघशील, टीव्हीवर सांगितलंय, नंदुरबारला तर सुरूही झालाय, असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही. देवश्रीने वाद घातला नाही. शेजारी पाटावर बसली, मोबाइल उघडला आणि मला शोधून काढलं. आणि मग तिने जे केलं ते माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. तिने मला मराठीत वाचलं. हळूहळू, शब्द जुळवत. उत्तरेकडचे कोरडे वारे. कमाल तापमान पस्तीसच्या आसपास. वडोदरा जिल्हा, हवामान मुख्यत्वे कोरडं.

‘मुख्यत्वे म्हणजे?’ बाईंनी नेमकं तेच धरलं. तीस वर्षं वह्या तपासलेली बाई ती, तिच्या तावडीतून काय सुटणार.

‘म्हणजे बहुतेक, आजी.’

‘मग खात्री कुठे आहे?’

खात्री नव्हतीच, मी तरी काय सांगणार? पण देवश्रीने बोटाने जरा वर सरकवलं आणि माझ्यासोबत आलेला नकाशा दाखवला. गुजरातचा नकाशा. जिल्ह्याजिल्ह्याला रंग, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. बाईंनी चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत त्या खाली आल्या. आणंद, वडोदरा, छोटाउदेपूर, भरूच. वडोदऱ्यावर एक पिवळा सूर्य काढलेला होता. त्या आणखी खाली गेल्या, नंदुरबार शोधायला. नंदुरबार नव्हतंच. तिथे या नकाशातलं करडं सुरू होत होतं.

बाई बराच वेळ त्या करड्यावर बोट ठेवून बसल्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे मी इतकी वर्षं शेजारच्या घरातलं आभाळ बघत होते.’

देवश्रीला हसू आलं आणि रडूही. बाईंना मात्र त्यातलं काहीच सुचत नव्हतं. नात हातची जाते की काय, ही भीती होती, आणि ती आणली होती त्यांनीच. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, लाव फोन डभोईला. सलीलला येऊ दे, तो बोलेल, असं देवश्री म्हणून बघत होती. बाईंनी मान हलवली. बोलले मी, आता निस्तरायचंही मीच.

फोन खुद्द जशुभाईंनी उचलला. पुढचं सगळं बोलणं गुजरातीत झालं, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो. बाईंनी क्षेमकुशल वगैरे काही विचारलं नाही. ‘जशुभाई, चूक माझी झाली. मी मराठी टीव्हीवर महाराष्ट्राचा पाऊस बघितला आणि तो तुमच्यावर पाडला. तुम्हाला नकार वाटला असेल. नकार नाही. मुलगा आम्हाला आवडलाय, तुम्ही यायला हवं आहात.’

मी दोन्ही मोबाइलांत, इकडे बाईंचा श्वास ऐकतोय, तिकडे जशुभाईंचा. देवश्री ओट्याची कड घट्ट धरून उभी. मग जशुभाई खाकरले.

‘बेन, माझी डांगर उघड्यावर आहे. तुमच्याकडे पाऊस असता तर ती मी कधीच झाकली असती. म्हणून तर मला लागलं.’ ‘आवीशुं. येऊ आम्ही.’

फोन ठेवल्यावर बाई पाटावर बसल्या आणि देवश्रीला म्हणाल्या की तो तुझा अंदाज पुन्हा एकदा वाच, सगळा, काही गाळू नकोस. मला तिने दुसऱ्यांदा वाचलं. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझी छाती फुगली. पण भीतीही बसली. आतापर्यंत मी चुकलो असतो तर फार तर कुणाचे कपडे भिजले असते. आता माझ्यावर एका पोरीचं लग्न आणि एका माणसाची डांगर, दोन्ही येऊन बसलं होतं.

आणि मंगळवारी दुपारनंतर, व्हायला नको तेच. दक्षिणेकडून ढग आले. आधी कापसाचे पुंजके, मग जरा राखाडी, मग पूर्वेची बाजू पार भरून गेली. ‘मुख्यत्वे’ म्हणजे काय ते आता मलाच कळायची पाळी आली. अमदावादच्या त्या बाईंची फार आठवण झाली. सलील पाळी संपवून आला, गच्चीवर जाऊन बघून आला आणि म्हणाला, आई, सतरंज्या हॉलमध्ये घालू का, वेळेवर धावपळ नको. सुनेत्राही तेच म्हणत होती. चारुलताबाईंनी टीव्हीकडे एकदा पाहिलं. रिमोट हाताशीच होता. त्यांनी तो उचलला आणि सोफ्याच्या उशीखाली सारला.

‘वर म्हटलंय ना, मग वरच बसायचं. एकदा आभाळ बघून माझं तोंड पोळलंय, आता माणसं बघू दे,’ त्या म्हणाल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत स्वतः जिना चढल्या.

तिकडे जशुभाई गाडीत होते. डभोईच्या रस्त्यावर, शेजारी कोकिलाबेन, त्यांच्या मांडीवर दूध-पौंआचा डबा, गाडी हार्दिक चालवत होता. ढग त्यांनाही दिसत होते आणि मागे डांगर उघडी होती. जशुभाईंनी मला उघडलं, वाचलं, बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. ओळ काही बदलली नव्हती, मी बदलणार कसा. मजुरांना फोन करून ताडपत्र्या टाकायला सांगायचं, तर तिथे आज सणाचं कुणीच नव्हतं. परत फिरलो तर डांगर वाचेल, एवढं त्यांना कळत होतं. आणि मग पुन्हा कधी हे घर आपल्याला बोलावणार नाही, हेही. हार्दिक आरशातून वडिलांकडे बघत होता, विचारायचं धाडस होत नव्हतं. जशुभाईंनी मला खिशात टाकलं आणि म्हणाले, चलाव ने, गाडी का हळू केलीस.

ते आले तेव्हा अंधारून आलं होतं. मंडळी गच्चीवर बसली. एका बाजूला शेगडीवरून आणलेलं मसाला दूध, वाफाळतं. दुसऱ्या बाजूला कोकिलाबेनचा दूध-पौंआ, पातळ फडकं बांधलेला, गारेगार. आणि पूर्वेला जिथे चंद्र दिसायचा तिथे नेमका ढग. सुरुवातीला सगळे येता-जाता वर बघत होते आणि खाली बघून भलतंच काही बोलत होते. रस्ता कसा होता. बरा होता. सुभानपुऱ्यात पाणी येतं का. येतं. अशी बोलणी किती वेळ चालणार हो?

कोंडी फोडली ती दुधाने. कोकिलाबेन म्हणाल्या की शरदपूनमेला गरम दूध कसं पिता, थंडावा नको का पोटाला. चारुलताबाई म्हणाल्या, अहो, थंड दूध पिऊन रात्री खोकायचं का, केशर-जायफळ घशातून गरमच उतरायला हवं. कोकिलाबेननी हट्टाने त्यांना चमचाभर दूध-पौंआ खायला लावला. बाईंनी हट्टाने त्यांना कपभर मसाला दूध पाजलं. दोघींनी आपापलंच बरं असा शेरा दिला आणि दोघींनी दुसऱ्यांदा घेतलं. जशुभाईंनी सलीलला कारखान्याबद्दल विचारलं, सलीलने त्यांना डांगरीबद्दल. मग जशुभाई डांगरीबद्दल जे बोलू लागले ते थांबेनात. हार्दिक आणि देवश्री कठड्याशी उभे राहून ऐकत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते, इतकं की कुणालाही कळावं.

या सगळ्यात ढग केव्हा सरकला आणि चंद्र केव्हा वर आला, कुणाच्या लक्षातच आलं नाही. खरं सांगतो, जरा रुसलोच मी. दिवसभर जीव मुठीत धरून बसलो होतो, एक थेंब पडला नाही, आणि बघायला कुणी नाही. अखेर पातेल्यातलं दूध ढवळता ढवळता सुनेत्रा म्हणाली, अय्या, दुधात चंद्र. सगळ्यांनी वर पाहिलं. जशुभाईंनी मात्र आधी डभोईच्या दिशेला पाहिलं, तिकडचं आभाळ मोकळं आहे याची खात्री केली, आणि मग चंद्राला हात जोडले.

मग चारुलताबाईंनी तबक मागवलं. कोजागिरीला मराठी घरांतून आश्विनी करतात, घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळायचं. बाकीच्यांना नाही, फक्त थोरल्याला. देवश्री घरातली थोरली आणि एकुलती एक, तिला दरवर्षीच ओवाळतात. ती पाटावर बसली. आजींनी कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. कोकिलाबेन कौतुकाने बघत होत्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सुनेत्राने सांगितलं, थोरल्या मुलाचा मान.

देवश्री उठली. पाट रिकामा झाला. आजी तबक हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांनी हार्दिककडे पाहिलं.

‘तू घरात थोरला ना रे?’

‘हो आजी.’

‘मग बस इथे.’

देवश्रीने डोळ्यांना ओढणी लावली. हार्दिकने वडिलांकडे पाहिलं. जशुभाई उठून उभे राहिले, जसं देवासमोर माणूस उभं राहतं तसं. हार्दिक पाटावर बसला. आजी वाकल्या आणि थबकल्या, कारण ओवाळताना डोकं उघडं ठेवत नाहीत, आणि टोपी कुणाकडेच नव्हती. तेवढ्यात कोकिलाबेन पुढे आल्या. त्यांनी आपल्या साडीचा पदर सोडवला आणि मुलाच्या डोक्यावर धरला. आणि चारुलताबाईंनी त्याला ओवाळलं.

‘यंदापासून आमच्याकडे थोरले दोन,’ त्या म्हणाल्या.

हा अंदाज मी केला नव्हता. माझ्या त्या ओळींत असं काहीच लिहिलेलं नव्हतं. उपग्रहाला दिसलं नसतं आणि फुग्यालाही कळलं नसतं. मी वारा सांगतो, ऊन सांगतो, पण त्या गच्चीवर जे झालं ते माणसांचं माणसांनी केलं. मी फक्त पाऊस पडू दिला नाही, आणि तेही खरं म्हणजे माझ्या हातात नव्हतं.

बुधवारी जशुभाईंची डांगर पोत्यांत भरली गेली. माझा शेवटचा दिवस उजाडला. आमच्यात म्हातारपण नसतं, नवा आला की जुना गेला. तेव्हा जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हाला वाचलंत की घरातल्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, त्याला जी भाषा खरी वाटते त्या भाषेत. आम्ही खिशात पडून राहिलो तर आमचा उपयोग काय? आणि थोडे चुकलो तर समजून घ्या. ‘मुख्यत्वे’ म्हणताना आम्हालाही धाकधूक असते.

गुरुवारी दुपारी अमदावादच्या बाईंनी पुन्हा बटण दाबलं आणि मी मोबाइलाच्या तळाशी सरकलो, तिथून एवढं मात्र ऐकू आलं. सुभानपुऱ्यात देवश्रीच्या मोबाइलात नवा अंदाज येऊन बसला, पहाटे किंचित गारवा, बाकी कोरडं. चारुलताबाई आता रोजच विचारतात, तशा त्या विचारायला आल्या. देवश्रीने नव्याला मराठीत वाचून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तो कोजागिरीचा होता तो कुठे गेला. तो संपला आजी, देवश्री म्हणाली, त्याचा आठवडा झाला.

घरातलं माणूस गेल्यावर बोलावं तसं बाई हळूच बोलल्या.

‘चांगला होता हो.’